वीज सांठविणारा पडदा व शेतकऱ्याचें हित

उन्हापासून वीज काढण्याचें काम आतां गांवाच्या शिवेपर्यंत आलें आहे. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सन २०२३ मध्यें निघाला. त्यांत उपकेंद्रालगतच्या जमिनीस दर हेक्टरीं सालीना सव्वा लाख रुपये भाडें ठरविलें आहे. दिवसा वीज मिळाली म्हणजे रात्रीं साप व बिबट्या यांच्या भयांत दारें धरण्याचा प्रसंग टळतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु पहांटेचें दूध थंड करणें, सायंकाळीं पिठाची गिरणी चालविणें व घरांत दिवा लावणें यांस दुपारचें ऊन कामास येत नाहीं. त्यासाठीं दिवसाची वीज सांठविली पाहिजे. आणि तीं साधनें उद्यां कदाचित् आपणच भाड्यानें दिलेल्या जमिनींत उभीं राहतील. म्हणून त्यांची माहिती आपणांस असणें अवश्य आहे.

या साधनांपैकीं एक फ्लो बॅटरी होय. हिच्यांत वीज दोन टाक्यांतील द्रवांत सांठते. पंपानें ते द्रव मधल्या गाभ्यांतून फिरवितात व तेथें पॉलिमरचा पातळ पडदा त्यांस वेगळे ठेवतो. व्हॅनेडियम धातूची बॅटरी ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठांत मारिया स्कायलास-काझाकोस व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. दोन्ही बाजूंस एकच धातु असल्यामुळें सरमिसळ झाली तरी द्रव कायमचा वायां जात नाहीं; शिवाय तो पाणी व गंधकाम्ल यांचा असल्यानें पेट घेत नाहीं. एक युनिट विजेस सुमारें ४० ते ६० लिटर द्रव लागतो. मोटारीस हें ओझें परवडणार नाहीं. उपकेंद्राच्या मोकळ्या जागेंत तें अडचणीचें नाहीं.

खरी गोम पडद्यांत आहे. शेताच्या बांधानें पाणी अजिबात सोडलें नाहीं तर पीक कुजतें. वाटेल तसें सोडलें तर माती वाहून जाते. पडद्याचें तसेंच आहे. त्यानें हायड्रोजनचे आयन सोडावे व व्हॅनेडियमचे अडवावे. सध्यां बहुधा वापरला जाणारा नेफिऑन हा पडदा अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनींत १९६० नंतरच्या दशकांत निघाला. तो तेजाबांत टिकतो. पण महाग आहे, आणि थोडें व्हॅनेडियम पलीकडे जाऊं देतो, त्यामुळें सांठलेली वीज झिरपते. तो फ्लोरीनयुक्त, न कुजणाऱ्या पदार्थांच्या कुळांतला आहे. या कुळावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपांतील पांच देशांनीं जानेवारी २०२३ मध्यें मांडला.

म्हणून फ्लोरीनविरहित पडद्यांचे प्रयोग चालू आहेत. गंधकाम्लाची क्रिया केलेला पॉलिईथरईथरकीटोन स्वस्त पडतो व व्हॅनेडियम चांगलें अडवितो. परंतु भारित व्हॅनेडियम त्यास हळूहळू खातें. पॉलिबेन्झिमिडाझोल अधिक टिकाऊ, पण त्यांतून आयन सावकाश जातात. म्हणून तो अगदीं पातळ करावा लागतो.

कित्येक म्हणतात कीं, परदेशी पडदा तयार मिळतो, तोच घ्यावा. संशोधनाची वाट कां पाहावी? हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. पडदा महाग तर सांठविलेली वीज महाग, आणि तो भार शेवटीं बिल भरणाऱ्यावर पडतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व भावनगरची मीठ व सागरी रसायनें यांची संस्था यांस पॉलिमरच्या पडद्यांचा अनुभव आहे. तेथील कामास सरकारनें भरपूर पैसा द्यावा, आणि परीक्षा प्रयोगशाळेंतल्या कांहीं आठवड्यांची न घेतां विदर्भाच्या उन्हाळ्यांत वर्षानुवर्षें घ्यावी. ४० अंशांच्या वर भारित व्हॅनेडियमचा सांका धरण्याचें भय असतें, हें ध्यानांत ठेवावें.

राहिला आपल्या हातांतला भाग. महसुली दप्तरांत ज्यानें आयुष्य काढलें त्यास ठाऊक असतें कीं, जें कागदावर नाहीं त्यास पुढें कोणी धनी नसतो. यास्तव भाडेपट्ट्यावर सही करण्यापूर्वीं तीन कलमें स्पष्ट लिहून घ्यावीं: टाकी गळाल्यास जमिनीची व विहिरीची भरपाई कोणीं करावी, जुने पडदे व द्रव कोणीं न्यावे, आणि मुदत संपतां जमीन पूर्ववत् कोणीं करून द्यावी. वीज सांठवावी, अवश्य सांठवावी. परंतु तिचा धोका एकट्या जमीनमालकाच्या माथीं नसावा.