भांडे दणकट, पण कल्हई?

या सदरासाठी विषय मला शोधावा लागत नाही. मंडळाच्या कुठल्यातरी कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, तो आपणहून भेटतो. यंदाचा विषय असा भेटला: "फोन अगदी ठणठणीत आहे हो, पण अपडेटच येत नाहीत. ठेवायचा की बदलायचा?" वर्षभरात हा प्रश्न मी तीन घरांतून ऐकला. एकजण पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतो, एकीचा नवरा बांधकामाच्या साइटवर असतो आणि एक जोडपे सुट्टी मिळाली की विकलोचे डोंगर गाठते. तिघांकडेही दणकट फोन आहेत. जाड रबरी कडा, विटेसारखे वजन, दोन-तीन दिवस टिकणारी बॅटरी.

असा फोन घेणे ही हौस आहे असे मी म्हणणार नाही. इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. २४ जानेवारी २०२५ ला स्टॉर्म एओविन आले तेव्हा संपूर्ण बेटावर रेड वॉर्निंग होती आणि ७,६८,००० घरे-दुकाने अंधारात गेली. पश्चिमेकडच्या काही घरांत तर दोन आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत ज्याच्या फोनची बॅटरी मोठी, त्याच्याकडे शेजारी येत होते. दणकटपणाची किंमत अशा वेळी कळते.

पण दणकट म्हणजे नेमके काय, हे एकदा समजून घेऊ. खोक्यावर 'आयपी६८' लिहिलेले असते. त्यातला ६ हा आकडा धुळीचा, ८ हा पाण्याचा. ही चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात नाही. आणि पाणी अडवणारे रबरही वयाप्रमाणे थकते. दुसरा शिक्का असतो 'मिल-एसटीडी-८१०'चा. हे अमेरिकी संरक्षण खात्याचे चाचण्यांचे मानक, मूळ १९६२ सालचे. पण याचा अर्थ लष्कराने तुमचा फोन तपासून पाहिला असा नव्हे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते आणि निकालही तीच सांगते. हे दोन्ही शिक्के फोनच्या अंगाबद्दल बोलतात. आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल त्यात एक अक्षर नसते.

आपल्या आज्यांच्या घरातली पितळी पातेली आठवा. पणजीच्या लग्नातले पातेले नातसुनेच्या हातात यायचे, इतके मजबूत. तरी दरवर्षी कल्हईवाला दारावर आला की ती सगळी बाहेर निघायची. भाता, निखारे, नवसागराचा धूर, कथलाचा चकचकीत हात. का? तर भांडे फुटत नाही म्हणून त्यातले ताक चांगले राहते असे नाही. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतो. भांडे बाहेरून तसेच दिसते, पण आतले अन्न पोटात जाऊ नये असे झालेले असते. फोनचे सिक्युरिटी अपडेट ही कल्हई आहे. पडण्या-भिजण्यापासून फोन वाचवणे हे तिचे काम नाही. फोनमध्ये आपण जे ठेवतो, ते कळकू नये यासाठी ती असते.

ही कल्हई उशिरा का येते, तेही पाहू. ऑगस्ट २०१५ पासून गूगल अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या त्रुटींची यादी आणि दुरुस्त्या साधारण दर महिन्याला जाहीर करते. ही दुरुस्ती थेट आपल्या फोनवर येत नाही. क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवते, मग फोन बनवणारी कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलवर ती तपासते, आणि मग ती आपल्यापर्यंत पोचते. मोठी कंपनी लाखो फोन विकते, तिला हा खर्च परवडतो. दणकट फोनांचे गिऱ्हाईक थोडे. त्यात कुणात उष्णता दाखवणारा कॅमेरा, कुणात भलीमोठी बॅटरी, अशी मॉडेले अनेक आणि माणसे मोजकी. म्हणून सहसा याच फोनांची कल्हई आधी राहते.

आणि इथे एक गोम आहे. त्रुटींची यादी जाहीर होते म्हणजे ती चोरांनाही वाचता येते. ज्या फोनवर दुरुस्ती पोचली, त्याच्यासाठी ती यादी जुनी बातमी. ज्याच्यावर पोचली नाही, त्याच्यासाठी तीच यादी कुठली खिडकी उघडी आहे ते सांगणारा नकाशा. फोन जसाच्या तसा असला तरी धोका महिन्यागणिक वाढतो, तो असा.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर आपल्या आयर्लंडचेच उदाहरण घ्या. १४ मे २०२१ च्या शुक्रवारी एचएसईच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि देशभरातली रुग्णालये कागद-पेनावर आली. तपासण्या, अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आपल्यातल्या ज्या नर्स आणि डॉक्टर त्या वेळी ड्यूटीवर होत्या, त्या ते आठवडे विसरलेल्या नाहीत. त्यावर डिसेंबर २०२१ मध्ये पीडब्ल्यूसीचा अहवाल आला. सुरुवात झाली होती मार्चमध्ये, एका ईमेलसोबत आलेल्या एक्सेल फाइलने. ज्या संगणकावर ती उघडली गेली, त्याच्या अँटिव्हायरसची माहिती वर्षाहून अधिक काळ ताजी केलेली नव्हती. आणि एचएसईकडे त्या वेळी विंडोज ७ वर चालणारे ३०,००० हून अधिक संगणक होते. ते संगणक मोडलेले नव्हते. रोज सुरू होत होते, काम करत होते. 'चालतंय ना, मग राहू दे' या वाक्याची किंमत एका देशाने मोजली.

आता दणकट फोनकडे परत येऊ. 'अपडेट मागे पडले' या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि तिन्हींना एकच औषध नाही.

पहिली: अँड्रॉइडची आवृत्ती जुनी. नवी रूपे, नवे इमोजी मिळत नाहीत. याने फारसे बिघडत नाही. आवृत्ती जुनी असूनही सिक्युरिटी अपडेट येत असतील तर निवांत राहा.

दुसरी: सिक्युरिटी अपडेट येते, पण दोन-तीन महिने उशिरा. हे चांगले नाही, पण दणकट फोन खरोखर गरजेचा असेल तर चालवून घेण्याजोगे आहे. त्या काळात अनोळखी दुव्यांवर बोट ठेवायचे नाही आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून काही उतरवायचे नाही, एवढी शिस्त हवी.

तिसरी: अपडेट थांबलेच. कधी कंपनीने मुदत संपवली म्हणून, कधी कंपनीच संपली म्हणून. कॅट या नावाचे पिवळे-काळे फोन बनवणाऱ्या ब्रिटनमधल्या बुलिट कंपनीने २०२३ मध्ये उपग्रहामार्फत संदेश पाठवणारा कॅट एस७५ बाजारात आणला. डोंगरात फिरणाऱ्यांना हेवा वाटावा असा फोन. २०२४ च्या सुरुवातीला कंपनी बंद पडली. फोन तसेच भक्कम राहिले, कल्हईवाला मात्र गाव सोडून गेला.

आपला फोन या तिघांत कुठे बसतो हे पाहायला दोन मिनिटे लागतात. सेटिंग्ज उघडा, 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर जा. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. बहुतेक फोनांत तिच्याजवळच गूगल प्ले सिस्टीम अपडेटची वेगळी तारीख असते. ही दुसरी तारीख ताजी असेल तर बरेच, कारण अँड्रॉइड १० पासून काही भाग गूगल थेट दुरुस्त करते. पण चिपजवळच्या त्रुटी त्यात बुजत नाहीत. म्हणून पहिली तारीख महत्त्वाची.

व्हॉट्सॲप चालते म्हणजे फोन सुरक्षित, हा समजही सोडायला हवा. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सॲप २०२४ अखेरपर्यंत चालत होते. त्या फोनांची कल्हई कधीच उडालेली होती.

मग विकत घेताना काय पाहावे? मी घरखर्चाच्या वहीची रीत वापरते. फोनची किंमत त्याच्या अंगाच्या आयुष्याने न भागता, उरलेल्या अपडेटच्या वर्षांनी भागायची. समजा, ४०० युरोचा दणकट फोन आहे आणि त्याची अपडेट दोनच वर्षे उरली आहेत, तर वर्षाला २०० युरो. ५०० युरोचा आहे आणि पाच वर्षे उरली आहेत, तर वर्षाला १००. सेलमध्ये स्वस्त दिसणारा जुना मॉडेल इथेच महाग पडतो. आणि मुदत देणारे आहेत. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आणलेल्या एक्सकव्हर ७ ला पाच वर्षांची सिक्युरिटी अपडेट जाहीर केली. त्याची बॅटरीही घरी बदलता येते. फेअरफोन २ हा डच फोन डिसेंबर २०१५ मध्ये आला आणि त्याला मार्च २०२३ पर्यंत अपडेट मिळाली. तो दणकट वर्गातला नाही, पण छोट्या कंपनीलाही मनावर घेतले तर हे जमते, हे त्याने दाखवले. साधा फोन आणि वर चांगले जाड कव्हर हाही मार्ग आहेच. गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा एस२४ इथपासून पुढे सात वर्षांची हमी मिळू लागली आहे. साइटवर किंवा पवनचक्कीवर रोजचे काम नसेल तर मी हाच मार्ग सुचवीन.

युरोपात राहण्याचा एक फायदा मिळाला आहे. २० जून २०२५ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या फोनांना पर्यावरणपूरक रचनेचा नियम लागू झाला. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट फुकट द्यायची; मूळ दुरुस्ती जाहीर झाल्यावर सुरक्षेचे अपडेट चार महिन्यांत आणि नव्या सोयींचे सहा महिन्यांत पोचवायचे. खोक्यावरच्या लेबलवर फोन पडण्याला किती टिकतो आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, याच्या 'ए' ते 'ई' अशा श्रेणीही आल्या. म्हणजे दणकटपणा आता फक्त जाहिरातीच्या शब्दावर घ्यायला नको. मात्र नियमाच्या वाक्यात 'अपडेट दिली तर' असा शब्द आहे, आणि त्या 'तर'मधून निसटू पाहणाऱ्या कंपन्या असणारच. म्हणून अपडेटची तारीख कंपनीने स्वतः लेखी जाहीर केली आहे का, ते पाहूनच घ्या. शिवाय २९ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या इथल्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, ग्राहकाने वाजवीपणे अपेक्षा करावी इतका काळ अपडेट मिळतील हे पाहण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. तक्रार दुकानदाराकडेच करायची. युरोपाबाहेरच्या संकेतस्थळावरून मागवलेल्या फोनसाठी हा हक्क बजावणे अवघड जाते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख खरे तर लिहिला, ती. आपला दणकट फोन जुना झाला की तो कुठे जातो? बॅगेच्या तळाशी, चॉकलेटांच्या शेजारी, आणि तिथून आईबाबांच्या हातात. "पडला तरी फुटणार नाही," असे म्हणून आपण तो देतो, आणि तेही कौतुकाने घेतात. मग त्याच फोनवर बाबांचे पेन्शनचे खाते उघडते, यूपीआय सुरू होते, बँकेचे ओटीपी येतात. इथे आपल्याकडे निदान दोन फोन, एक लॅपटॉप असतो. त्यांच्याकडे तो एकच, आणि त्यात आयुष्यभराची पुंजी. दणकट फोनाची हीच गंमत आहे, आणि हाच धोका: साधा फोन काच फुटून वेळेवर निवृत्त होतो, हा कल्हई उडाल्यावरही वर्षानुवर्षे हातात राहतो. आपण नवीन घ्यायला सांगितले की तिकडून उत्तर येते, "अरे, उत्तम चाललाय हा, उगीच कशाला खर्च?" या पिढीने वस्तू टाकायची नाही हेच शिकले, आणि आपल्यालाही तेच शिकवले. त्यांचे चुकत नाही. भांडे आणि कल्हई यातला फरक कुणीतरी समजावून सांगायला हवा. त्यांना तो आपल्यापेक्षा लवकर कळेल, कारण कल्हई त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

अपडेट थांबलेला दणकट फोन टाकून द्या असेही माझे म्हणणे नाही. त्याचे काम बदला. पैसे, बँक, मुख्य ईमेल, कार्यालयाची खाती त्यातून काढा. फोन एकदा पूर्ण पुसून घ्या. मग तो डोंगरावर नकाशा दाखवेल, गाडीत विजेरी म्हणून राहील, वादळात ११२ ला लागेल, स्वयंपाकघरात गाणी वाजवेल. कल्हई नसलेले पातेले आपण फेकत नव्हतो. त्यात पाणी तापवत होतो, फक्त ताक ठेवत नव्हतो. अगदीच नको असेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रात तो फुकट घेतात.

म्हणून तिन्ही घरांना माझे उत्तर थोडे वेगळे गेले. पवनचक्कीवाल्याचा फोन दोन महिने मागे आहे: ठेव. साइटवरचा दीड वर्ष थांबलेला आहे: कामाला वापरा, बँक दुसऱ्या फोनवर न्या. डोंगरवाल्यांचा डोंगरापुरताच राहू दे.

आणि सगळ्यांसाठी एक काम. भाऊबीजेचा व्हिडिओ कॉल होईलच. ओवाळणी झाली, फराळाची चौकशी झाली की आईबाबांना ती सेटिंग्जमधली तारीख वाचून दाखवायला सांगा. तारीख वर्षाहून जुनी निघाली, तर पुढच्या खेपेला बॅगेत चॉकलेट कमी न्या आणि नवा फोन न्या.

शुभ दीपावली.