एका संगणकात दोन बिऱ्हाडे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबविला. अनेक पेढ्यांवरील संगणक अद्याप उत्तम चालत आहेत. परंतु त्यांचा प्रोसेसर जुना असल्यामुळे, किंवा टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा त्यांत नसल्यामुळे, ते विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा वेळी घरातील शिकती मुले सुचवितात, ‘याच संगणकावर उबंटू टाकू या, विंडोजही राहू द्या.’ सूचना वाजवी आहे. उबंटू किंवा लिनक्स मिंट या प्रणाली विनामूल्य मिळतात. पत्रव्यवहार आणि इंटरनेटचे व्यवहार यांसाठी त्या पुरेशा आहेत. टॅली मात्र विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर असल्याने विंडोज काढून टाकता येत नाही. म्हणून एकाच संगणकात दोन्ही प्रणाली नांदवायच्या, आणि संगणक सुरू करताना हवी ती निवडायची. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

या कामात नवी प्रणाली बसली नाही, तर फारसे बिघडत नाही. ती पुन्हा बसविता येते. परंतु पेढीच्या संगणकात खतावणी असते, उधारीची यादी असते, मालाचा साठा असतो. तो हिशेब गेला, तर कोणाकडून किती येणे आहे हे सांगण्यास कोणताही कागद उरत नाही. शिवाय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. हिशेब संगणकावर असेल, तर त्याचा योग्य बॅकअप ठेवावा, आणि अपघाताने मूळ नष्ट झाल्यास माहिती वाजवी वेळेत पुन्हा उभी करता यावी, असे याच कायद्याखालील नियम ५७ सांगतो.

नुकसान नेमके कोठे होते, ते समजून घेतले पाहिजे. हार्डडिस्क हा एक वाडा समजा. त्यात भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. कोणती खोली कोठून कोठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. नव्या बिऱ्हाडासाठी खोली काढायची, तर विंडोजच्या खोलीची भिंत आत सरकवावी लागते आणि तक्ता बदलावा लागतो. बहुतेक अनर्थ याच टप्प्यावर घडतात. भिंत सरकत असताना वीज गेली, किंवा चुकीची खोली निवडली गेली, तर जुन्या सामानावर नवे सामान रचले जाते. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर पुसलेली माहिती परत मिळण्याची आशा तर फारच थोडी असते.

म्हणून कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

प्रथम बॅकअप. टॅलीमधील बॅकअपची सोय वापरावी, आणि शिवाय टॅलीचे संपूर्ण डेटा फोल्डर बाहेरील हार्डडिस्कवर उतरवून घ्यावे. बिलांच्या प्रती, एक्सेलमधील याद्या, ई-मेलच्या फाइल्स, घरातील छायाचित्रे हेही विसरू नये. ‘डेस्कटॉप’वर ठेवलेले कागद बहुधा राहून जातात. अशा दोन प्रती कराव्यात, आणि त्यांपैकी एक पेढीबाहेर, घरी ठेवावी. फाइल्स गूगल ड्राइव्ह वा वनड्राइव्हवर आपोआप जातात, एवढ्यावर विसंबू नये. त्या सोयी संगणकातील बदलांचे अनुकरण करतात. येथे फाइल पुसली गेली, की कालांतराने तेथूनही जाते.

दुसरे काम पडताळणीचे, आणि नेमके तेच टाळले जाते. बँकेत रोकड एकाने मोजली, तरी दुसऱ्याने तपासल्यावाचून तिजोरीत जात नसे. तीच शिस्त येथे लावावी. बॅकअप मूळ डेटावर उलटवू नये. तो वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्य तर दुसऱ्या संगणकावर, रिस्टोअर करून उघडावा. ताळेबंदाची बेरीज, रोख शिल्लक आणि शेवटच्या दिवसाची बिले मुळाशी ताडून पाहावीत. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटविलेला धनादेश.

तिसरे, किल्ली. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. बूटच्या व्यवस्थेत बदल झाला, की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल, तर डेटा डिस्कवर असूनही उघडत नाही. ही की बहुधा संगणकाशी जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खाते कोणत्या ई-मेलवर आहे हे आधी शोधावे. जुन्या कर्मचाऱ्याच्या नावावर असेल, तर काम तेथेच थांबवावे. की मिळाल्यावर ती कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

चौथे, विंडोजच्या पॉवर सेटिंगमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असता विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपी जाते, आणि त्या स्थितीत लिनक्समधून तिच्या खोलीत काही लिहिले गेल्यास फाइल्स बिघडू शकतात.

पाचवे, जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ करून मोकळी करावी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा, अन्यथा यूपीएस चालू असावा. जागा कमी केल्यावर संगणक पुन्हा सुरू करून विंडोज आणि टॅली नीट उघडतात ना, हे पाहावे.

शेवटी उबंटूच्या स्थापनेतील निवड. तेथे विंडोजच्या शेजारी बसविण्याचा एक पर्याय असतो आणि ‘इरेज डिस्क’ हा दुसरा. दुसरा पर्याय खोली देत नाही. तो सारा वाडा रिकामा करतो. शेजारचा पर्याय दिसतच नसेल, तर अंदाजाने पुढे जाऊ नये. स्थापना रद्द करून बाहेर पडावे. बाहेरील बॅकअपची डिस्क या वेळी संगणकास जोडलेली नसावी, म्हणजे चुकून तिच्यावरच घाव पडणार नाही.

हे सारे वाचल्यावर काही वाचकांस वाटेल की, इतका व्याप कशासाठी? त्यांच्यासाठी सोपे मार्ग आहेत. पेन ड्राइव्हवरून उबंटू न बसविताही चालवून पाहता येते. डेस्कटॉप असेल, तर नव्या प्रणालीसाठी स्वतंत्र एसएसडी घ्यावी, आणि स्थापना होईपर्यंत जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. मुलांना प्रयोगच करायचे असतील, तर घरातील जुना, हिशेब नसलेला संगणक त्यांच्या स्वाधीन करावा. पेढीवरील एकमेव संगणकावर मार्चअखेर किंवा विवरणपत्राच्या तारखेच्या तोंडावर हे काम काढू नये. ज्या सुट्टीच्या आदल्या दिवशी हिशेब मिटवून बॅकअप पडताळला असेल, ती सुट्टी यासाठी निवडावी. आणि तंत्रज्ञ बोलाविला, तरी पडताळणी घरच्याच माणसाने करावी, कारण आपली शिल्लक किती असावी हे त्यालाच ठाऊक असते.