शाळा बंद असताना शिकवणार कोण?

आपत्ती आली की शाळा बंद ठेवणे हा प्रशासनाच्या हातातील सर्वांत सोपा उपाय असतो. त्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा आयुक्तांच्या सहीचा एक आदेश पुरतो. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसामुळे मुंबईतील शाळांना सुटी देण्यात आली. पुढच्याच महिन्यात सीना नदीच्या पुराने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे वेढली गेली आणि तेथे तर शाळेचा विचार करण्याइतकीही उसंत कोणाला उरली नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत हवाच श्वास घेण्याजोगी न राहिल्याने वर्ग ऑनलाइन घेण्याचे आदेश निघाले होते. हे निर्णय चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. मुलांच्या जिवापेक्षा धडा मोठा नाही. वाद आहे तो आदेशातील त्या शेवटच्या ओळीबद्दल. 'या काळात विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होणार नाही याची शाळांनी दक्षता घ्यावी,' अशा अर्थाचे काहीतरी त्या ओळीत असते. ही दक्षता म्हणजे नेमके काय, ती कोणी आणि कशाच्या बळावर घ्यायची, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण बंद शाळेकडून कोणी शिकवण्याची अपेक्षाच ठेवत नसे. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी गेला, तेव्हा पुण्यातील आणि पाठोपाठ मुंबईतील शाळा काही दिवस बंद ठेवण्यात आल्या. ती सरळसरळ सुटी होती. मुले घरी बसली, पालक तोंडाला रुमाल बांधून औषधांच्या दुकानांत फिरले आणि आठवड्याभराने फळ्यावर मागचा धडा पुन्हा सुरू झाला. आठवड्याचे नुकसान शाळा भरून काढू शकते. महिन्यांचे आणि वर्षांचे नुकसान हा वेगळा प्रकार आहे, हे कळायला आपल्याला २०२० साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद झाल्या. वरचे वर्ग मधूनमधून उघडले, पुन्हा मिटले. पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र वर्ग पाहायला मिळाला तो १ डिसेंबर २०२१ नंतर. मुंबई-पुण्यात त्यालाही आणखी दोन आठवडे लागले. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने दारे पुन्हा लावली. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ते मूल वर्गात बसले तेव्हा दुसरीचे निम्मे वर्ष सरले होते. अक्षरओळख ज्या वयात व्हायची ते वयच निघून गेले. आठवी-नववीच्या मुलाचा बीजगणिताचा एक भाग राहिला तर तो पुढे जुळवता येतो. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यासाठी पुढचे प्रत्येक पुस्तक बंदच असते.

त्या काळात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० पासूनच 'अभ्यासमाला' मोबाइलवर धाडायला सुरुवात केली. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' ऐकू येऊ लागली. पालघर जिल्ह्यातील दांडवळसारख्या पाड्यावर ध्वनिक्षेपक लावून 'बोलकी शाळा' भरली, आणि सोलापुरातील नीलमनगर या श्रमिक वस्तीत एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. जाता-येता मुलाने पाढा वाचावा, शब्द वाचावा, इतकी साधी ती कल्पना. या प्रयत्नांमागील तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पण 'शाळा बंद, शिक्षण सुरू' ही घोषणा कितपत खरी होती? 'असर'ने सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात फोनवरून केलेल्या पाहणीचे आकडे बोलके आहेत. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. मात्र पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक-तृतीयांश होती. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा फारसा चर्चेत आला नाही. ८० टक्क्यांहून अधिक मुलांकडे त्यांच्या इयत्तेची पाठ्यपुस्तके होती. म्हणजे फोनपेक्षा पुस्तक अधिक घरांत पोहोचले होते, आणि आपण सारी व्यवस्था उभारली ती फोनभोवती! पुस्तकाचे अमुक पान उघड, हे तीन प्रश्न सोडव, गुरुवारी मी विचारीन, एवढे सांगणारा माणूस हवा होता. त्याऐवजी चित्रफितींचे दुवे गेले. वडील कामावरून परतल्यावर, तीन भावंडांत वाटून घेतलेल्या एका फोनवर, उरलेल्या डेटात ते दुवे उघडायचे होते.

यात एक जुनी गफलत आहे. पाठवणे आणि पोहोचणे यांत आपण फरक करीत नाही. किती तासांचे कार्यक्रम प्रसारित झाले, किती शाळांचे गट तयार झाले, किती दुवे गेले, याची मोजदाद होते, कारण ती कार्यालयात बसून करता येते. मुलाने त्यातले काय घेतले, हे मोजायचे तर मुलाशी बोलावे लागते.

नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतील शिकागो शहराला याचा अनुभव आला होता. १९३७ च्या सप्टेंबरात पोलिओच्या साथीमुळे तेथील शाळा उघडणे लांबले, तेव्हा शिक्षण खात्याने रेडिओवरून धडे सुरू केले. सहा केंद्रांनी वेळ दिली, वृत्तपत्रांनी वेळापत्रक आणि गृहपाठ छापले आणि तीन लाखांहून अधिक मुलांसाठी पाव-पाव तासाचे पाठ सुरू झाले. सोबत, काही कळले नाही तर विचारण्यासाठी एक दूरध्वनी ठेवला होता. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले आणि उत्तरे देण्यासाठी आणखी शिक्षक बसवावे लागले. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा ज्यांना तो नीट ऐकू येत नव्हता, अशी मुले मागे पडत असल्याची चिंता तेव्हाही व्यक्त झाली होती. रेडिओच्या जागी स्मार्टफोन हा शब्द घातला तर ती चिंता २०२० मधील वाटेल. मात्र त्या प्रयोगातला खरा धडा रेडिओचा नव्हता, त्या दूरध्वनीचा होता. मुलांना आणि पालकांना ऐकायचे होते तितकेच विचारायचेही होते.

याचा शास्त्रीय म्हणावा असा पुरावा आफ्रिकेतील बोट्सवाना या लहानशा देशातून आला. तेथे २०२० मध्ये शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांत आठवड्याला अंकगणिताची उदाहरणे लघुसंदेशाने गेली. काही घरांत तो संदेश गेला आणि शिवाय एका शिक्षिकेचा किंवा शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही गेला. काहींना यातले काहीच मिळाले नाही. नुसत्या संदेशाचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. फोन आलेली मुले मात्र गणितात स्पष्टपणे पुढे गेली. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, साधा बटणांचा फोन आणि आठवड्याची वीस मिनिटे! पुढे भारतासह पाच देशांत हाच प्रयोग झाला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा आला. कारण उघड आहे. फोन करणारा प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो, मुलाला हातच्याची वजाबाकी जमत नाही हे त्याला कळते आणि पुढच्या आठवड्यात तो भागाकाराकडे न जाता वजाबाकीच घेतो. चांगला शिक्षक वर्गात दुसरे काय करतो?

बंदचा काळ संपला की नुकसानही थांबते, हा दुसरा गैरसमज. २००५ च्या ऑक्टोबरात पाकव्याप्त काश्मीर आणि लगतच्या भागात प्रचंड भूकंप झाला. तेथील शाळा सरासरी तीन-साडेतीन महिने बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांची चाचणी घेतली, तेव्हा भूकंपरेषेजवळची मुले दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाने मागे असल्याचे आढळले. साडेतीन महिन्यांचे दीड वर्ष झाले कसे? शाळा उघडल्यावर शिक्षकांनी अभ्यासक्रम पुढे नेला आणि मुले जेथे थांबली होती तेथेच राहिली. अंतर शाळा बंद असताना पडले, वाढले मात्र शाळा सुरू असताना. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची आई निदान प्राथमिक शाळा शिकलेली होती, त्या मुलांचे असे नुकसान झाले नव्हते. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्राला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्याकडे परतीचा हा टप्पा कसा हाताळला गेला? १ जुलै २०२१ पासून राज्यात पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवण्यात आला. उद्देश मागच्या इयत्तेची उजळणी हा होता आणि तो योग्यच होता. पण बहुतेक शाळा तेव्हा उघडल्याच नव्हत्या! नदीच्या अलीकडे मुले नाहीत, पलीकडे शिक्षक नाहीत आणि मध्ये पूल बांधून तयार, असा तो प्रकार. त्याच जुलैत परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल लागला. तो होता ९९.९५ टक्के. मुलांचा त्यात काही दोष नव्हता. परीक्षा घेणे त्या स्थितीत अवघडच होते. पण कागदावर सारे काही आलबेल दिसू लागले की तुटलेला धागा शोधण्याची निकड संपते. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले देशभरात २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, ती २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर आली, असे 'असर'नेच पुढे दाखवले. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात पायाभूत वाचन आणि गणितावर देशभर भर दिला गेला, त्याचा हा परिणाम मानायला जागा आहे. म्हणजे मूल जेथे आहे तेथून शिकवले तर गेलेले परत मिळते. (अर्थात २३.४ टक्के हा काही पेढे वाटण्याजोगा आकडा नव्हे.)

मग शाळांनी काय करावे? पहिली गोष्ट, तयारी जूनमध्ये करावी, 'रेड अलर्ट' लागल्यावर नव्हे. प्रत्येक वर्गशिक्षकाकडे एक वही असावी: कोणाच्या घरी कसला फोन आहे, तो दिवसा कोणाजवळ असतो, घरात वाचता येणारे मोठे माणूस किंवा भावंड कोण, कुटुंब ऊसतोडीला कधी जाते, आश्रमशाळेतील मूल परत गेले तर त्याचा पाडा कोणता. दुसरी, दोन-तीन आठवडे पुरेल असा कागदावरचा अभ्यास आधीच छापून ठेवावा. तो पाठ्यपुस्तकाशी जोडलेला असावा आणि मुलाला एकट्याने करता यावा. शाळा बंद असताना पोषण आहाराचे धान्य वाटले गेले, तेव्हा पालक ते घ्यायला येतच होते. त्याच पिशवीबरोबर नवा अभ्यास द्यायचा आणि जुना तपासायला घ्यायचा, हे काही ठिकाणी शिक्षकांनी आपणहून केलेही. ते योजनेचा भाग व्हायला हवे. दिल्लीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही मध्यान्ह भोजन बुडते आणि अनेकांकडे ऑनलाइन शिकण्याची साधने नाहीत, याकडे लक्ष वेधले होते. आणि आठवड्याला एक फोन. चाळीस मुलांच्या वर्गात पंधरा मिनिटांप्रमाणे हे दहा तासांचे काम आहे. शाळा बंद असलेल्या आठवड्यात शिक्षकाला ते जड जाऊ नये.

सिंगापूरने २००३ च्या सार्सच्या साथीनंतर घरून शिकण्याच्या तालमी सुरू केल्या, आणि २०२१ पासून तेथील माध्यमिक शाळांत महिन्यातून साधारण दोन दिवस घरूनच अभ्यास करण्याची पद्धत घालून देण्यात आली. सिंगापूरची श्रीमंती आपल्याकडे नाही हे खरे, पण तालमीला श्रीमंती लागत नाही. आपल्या शाळांत भूकंप आला तर बाकाखाली कसे बसायचे याची रंगीत तालीम होते. शाळा पंधरा दिवस बंद राहिली तर काय करायचे, याची कधीच होत नाही. वास्तविक भूकंपापेक्षा ही वेळ अधिक वेळा येते.

एक अडचण मात्र वहीने किंवा फोनने सुटणारी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. अपवाद तीनच: दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण. त्यामुळे ज्या क्षणी शाळा बंद होते, नेमक्या त्याच क्षणी शिक्षकाला दुसऱ्या कामावर नेण्याची मुभा प्रशासनाला मिळते. २०२० मध्ये तेच झाले. शिक्षक तपासणी नाक्यांवर उभे राहिले, स्वस्त धान्य दुकानांत बसले, घरोघरी ऑक्सिजनची पातळी मोजत फिरले. ती कामेही करायला हवीच होती. पण त्यामुळे वर्गातील चाळीस मुलांना फोन करणारे कोणी उरले नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी अद्ययावत करावा लागतो. या आराखड्यांत शाळा येते ती बहुधा निवाऱ्याची इमारत म्हणून आणि शिक्षक येतो तो मनुष्यबळ म्हणून. पुढच्या वर्षी तो आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येईल, तेव्हा एक स्तंभ वाढवता येईल: या तालुक्यातील शाळा बंद झाल्यास किती शिक्षक निवारणाच्या कामातून वगळले जातील, आणि त्यांच्याकडे कोणत्या वर्गांची किती मुले असतील.