सुवार्ता न्या, पण गोळ्या टाकायला सांगू नका

(यवतमाळ जिल्ह्यातील सर्व मंडळ्यांचे पाळक, वडील आणि पोडागुड्यांवर प्रार्थना सभा घेणारे सुवार्तिक यांना जाहीर पत्रक)



कापसाचे पैसे हातात आले की आपल्या जिल्ह्यात चंगाई सभांचे मंडप लागू लागतात. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडे तर थेट पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर. संध्याकाळी बाहेरगावची गाडी येते, जनरेटर उतरतो, कीबोर्ड आणि दोन भोंगे लागतात, गाणी सुरू होतात. याबद्दल आमची काही तक्रार नाही. कोलामांच्या पोडावर कोणी आपण होऊन जातं, त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसतं, हीच या जिल्ह्यात मोठी गोष्ट आहे. मतं मागणारेसुद्धा पाच वर्षांतून एकदाच जातात.

तक्रार आहे ती शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल. प्रवचन संपतं, आजाऱ्यांना पुढे बोलावतात, बाटलीतलं तेल कपाळाला लागतं आणि माईक तोंडाशी धरून साक्ष घेतली जाते. "आता दुखतं का?" "नाही." "हालेलुया!" इथवरही ठीक. मग स्टेजवरून प्रश्न येतो, "विश्वास आहे ना? मग गोळ्या कशाला?" बाई कमरेची पिशवी सोडते. पिशवीत घड्यांवर फाटत आलेलं सरकारी दवाखान्याचं कार्ड, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलची अर्धी पट्टी. पिशवी स्टेजवर ठेवली जाते आणि मंडपात टाळ्या पडतात.

त्या पिशवीपायी हे पत्रक काढावं लागलं. काढणारे आम्ही कोणी बाहेरचे नाही. यवतमाळ, वणी, पांढरकवडा भागात मंडळीतच जन्मलो, संडेस्कूलमध्ये शिकलो. आजाऱ्यासाठी प्रार्थना आम्हीही करतो आणि पुढेही करू.

आता त्या साक्षीचं काय होतं ते पाहा. पिशवीतल्या त्या गोळ्या सिकलसेलच्या, आणि विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांना हा रक्ताचा आजार नवा नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटावीत तशी कळ येते. ही कळ काही दिवस राहते आणि ओसरते. पुन्हा येते. म्हणजे सभेच्या रात्री ती ओसरलेली असेल, तर माईकवर "दुखत नाही" म्हणणारी बाई खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो, जो त्या एका रात्रीवरून तिचा आजार संपल्याचं जाहीर करतो. शिवाय ही कळ कशाने उठते? अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, शरीर थकलं की उठते. आणि आपण काय करतो? पौष महिन्यात उघड्या मंडपात रात्रभर जागरण ठेवतो आणि त्याच्या आधी तीन दिवसांचा उपवास सांगतो! सिकलसेलच्या पोरीला दुखणं यावं म्हणून कोणी मुद्दाम बेत आखला असता, तरी याहून वेगळा काय आखला असता?

टीबीचंही तसंच. साध्या टीबीचं औषध सहा महिने चालतं, पण महिना-दोन महिन्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन चढतं. नेमक्या त्याच वेळी सभा झाली तर श्रेय तेलाच्या बाटलीला जातं आणि गोळ्या सुटतात. उरलेले जंतू मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात. पुढे तोच माणूस जास्त जड औषधांवर येतो आणि तोवर घरातल्या चौघांना आजार देऊन बसतो. त्याची दुसरी साक्ष कोणी घेत नाही. पहिली मात्र मोबाइलवर फिरत असते.

"शास्त्रात चंगाई आहे," असं उत्तर येईल. आहेच. पण शास्त्र पूर्ण वाचा. कुष्ठरोगी बरा झाला तेव्हा प्रभूने त्याला स्टेजवर उभं केलं नाही. कोणाला सांगू नको, जाऊन याजकाला दाखव, असं बजावलं. त्या काळी माणूस शुद्ध झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता. आजच्या भाषेत, आधी तपासणी कर, मग बोल. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौलाने त्याला औषधं सोडायला लावल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. उलट तीमथ्याच्या पोटासाठी पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सुचवतो. दयाळू शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल ओतलं हे खरं, पण तेल ओतून तो निघून गेला नाही. त्याला जनावरावर घालून उतारशाळेत नेलं, पुढच्या खर्चासाठी दोन दिनार मोजले आणि जास्त लागले तर परत येताना देतो म्हणाला. आपल्या चंगाई सभेतून दुसऱ्या दिवशी परत कोण येतं?

आपल्या वाडवडिलांनी मिशन पाहिलं ते असं नव्हतं. फ्री मेथॉडिस्ट मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वऱ्हाडात आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी तेव्हा मध्य हिंदुस्थान उजाड केला होता आणि ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथ पोरं पदराखाली घेतली. केळापूर तालुक्यात उमरीला मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं. बैलगाडीत बाळंतीण घालून तिथे नेणारे सगळे काही ख्रिस्ती नव्हते. तिकडे मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं. ते गोरे लोक साधुसंत होते असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्यात साहेबी होती. रेव्हरंड टिळकांसारख्या माणसाला मिशनचा पगार सोडून १९१७ मध्ये ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' वेगळा मांडावासा वाटला, तो काही उगाच नाही. पण त्या साहेबांनी आजाऱ्याच्या हातातलं औषध काढून घेतलं नाही. १९५३ साली आपल्या यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशभरचे पाळक इथे शिकले. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तेव्हापासून जिल्ह्यातली समज जरा पातळ झाली, असं आम्हाला वाटतं. कोणाला राग आला तर येवो.

नियोगी समितीची आठवण जुन्या लोकांना असेल. मिशनांच्या कामाची चौकशी करायला १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने ती नेमली, आणि यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. मिशनच्या शाळा आणि दवाखाने म्हणजे धर्मांतराचं आमिष, असा ठपका तिने १९५६ च्या अहवालात ठेवला. आपल्या लोकांना तो फार झोंबला, आणि झोंबायलाच हवा होता. त्यावर उत्तरही होतं: या आणि हॉस्पिटलची वही तपासा, किती जणांना बरं केलं आणि त्यातल्या किती जणांचा बाप्तिस्मा झाला ते मोजा. आज एखादी समिती पोडावर आली, तर आपण तिला कोणती वही दाखवणार? दवाखान्याचं आमिष दाखवल्याचा आरोप परवडला. दवाखाना सोडायला लावल्याचा आरोप परवडणार नाही, कारण तो खरा आहे.

घटनेचं २५ वं कलम आपण भाषणात नेहमी काढतो: धर्म पाळण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य. त्याच वाक्यात हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, असंही लिहिलं आहे. आरोग्य! घटनाकारांनी तो शब्द तिथे जाणूनबुजून घातला. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही साप, विंचू, कुत्रं चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्रावर ठेवणं गुन्हा आहे. पेरणीच्या दिवसांत घोणस चावलेल्या माणसावर हात ठेवून तासभर प्रार्थना करणारे सुवार्तिक आपण भगतापेक्षा वेगळे आहोत, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

संडेस्कूलमध्ये आपण पोरांना आफ्रिकेच्या मिशनची गोष्ट रंगवून सांगतो. डेव्हिड लिव्हिंग्स्टन डॉक्टर होता, हे मात्र घाईत राहून जातं. १८६७ च्या जानेवारीत त्याची औषधांची पेटी घेऊन माणसं पळाली, तेव्हा आपल्याला मरणाची शिक्षाच झाली असं त्याला वाटलं. प्रार्थनेत कमी पडणारा माणूस नव्हता तो. १८७३ मध्ये तो वारला, आणि त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट होता. गुलामगिरीतून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा पुढे त्या शवाबरोबर लंडनला गेला. आपल्या महाराष्ट्राचा आफ्रिकेशी असाही धागा आहे. आणि आफ्रिकेतलं दुसरं टोक पाहायचं, तर २०२३ साली केनियातल्या शाकाहोला जंगलात चारशेहून जास्त प्रेतं उकरून काढावी लागली. उपाशी मेलात तर येशू भेटेल, असं शिकवल्याचा तिथल्या एका पाळकावर आरोप आहे. त्याची सुरुवातही शाळा आणि दवाखाना नाकारण्यापासूनच झाली, असं सांगतात.

हे पत्रक वाचून ज्या धर्मांतरविरोधकांना उकळ्या फुटतील, त्यांनाही सांगून ठेवतो. पोडावर प्रार्थना झाली की दहा मोटारसायकली येतात. बाळंतीण खाटेवर घालून नाल्यापलीकडे न्यायची असते, तेव्हा त्यातली एकही दिसत नाही. कोलामाने भिमायकाला भजावं की येशूला, हे कोलाम ठरवील. आमचं भांडण घरातलं आहे आणि त्यात आम्हाला तुमची मदत नको. मदतच करायची तर पोडापर्यंतचा रस्ता मागा, उपकेंद्रात नर्स मागा.

पाळकसाहेबांनो आणि वडिलांनो, आता मागणी. चंगाईची साक्ष दवाखान्याच्या रिपोर्टाशिवाय माईकवर घेऊ नका. सभा ठेवायची तर त्या गावच्या आशाताईला आधी निरोप द्या, आणि मंडपाच्या दाराशी तिला टेबल-खुर्ची टाकून द्या. सिकलसेलच्या, टीबीच्या, साखरेच्या रुग्णाला आणि गरोदर बाईला उपवास सांगू नका. सभेला आणलेली गाडी रात्रभर उभीच असते, ती आजाऱ्यासाठी मोकळी ठेवा आणि १०८ नंबर पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहा. बाहेरून येणाऱ्या प्रचारकाकडून, गोळ्या बंद करायला सांगणार नाही, असं लेखी घ्या. देत नसेल तर आपल्या मंडळीचं नाव आणि आपली सतरंजी त्याला देऊ नका. ज्यांनी आधीच पिशव्या ठेवून घेतल्या आहेत, त्यांनी त्या परत पोडावर नेऊन द्याव्यात, आणि ज्या घरात देतील तिथल्या माणसाला बरोबर घेऊन दवाखान्यात जावं.

येत्या रविवारी उपासनेनंतर हे पत्रक मंडळीत मोठ्याने वाचून दाखवावं. जिथे पाळक वाचणार नाहीत, तिथे वडिलांनी उभं राहून कारण विचारावं.

— यवतमाळ जिल्ह्यातील काही ख्रिस्ती बंधुभगिनी