आठ ट्रॉम्बोन, एक सिंफनी



ज्यांची मुले ट्रॉम्बोन वाजवितात, त्या पालकांची एक खंत असते: सिंफनीत या वाद्याच्या वाट्यास थांबून राहणेच फार येते. ही खंत निराधार नाही. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत (१८७६) ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग मुकाट बसून असतात. त्यांचा सूर उमटतो तो चौथ्या भागात. अशा विद्यार्थ्यास मुख्य सुरावट मिळावी, तर वाद्यवृंदाची रचना केवळ ट्रॉम्बोनसाठी बसवून घेणे हा उत्तम उपाय होय. ही कल्पना आपणांस परकी नाही. व्हायोलिनांनी भरलेली चित्रपटगीते मुंबईच्या वरातींतील बँड पितळी वाद्यांवर वाजवीतच असत.

उदाहरणादाखल द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीचा (१८९३) दुसरा, संथ भाग आठ ट्रॉम्बोनांसाठी घेऊ.

पहिला प्रश्न उंचीचा. इंग्लिश हॉर्नवर सुरू होणारी ती प्रसिद्ध सुरावट डी-फ्लॅट मेजरमध्ये आहे व पुढे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर चढते. म्हणून सर्व रचना तीन अर्धस्वर खाली, बी-फ्लॅट मेजरमध्ये आणावी. मात्र त्यामुळे तळचे सूरही खाली जातात. त्यांसाठी बास ट्रॉम्बोन हवाच.

दुसरा प्रश्न सरकत्या नळीचा. तिच्या जागा सात. खालच्या बी-फ्लॅटसाठी नळी पूर्ण आत असते, तर त्याच्याच वरच्या बी सुरासाठी, जादा व्हॉल्व नसल्यास, ती पूर्ण बाहेर न्यावी लागते. पियानोवरील शेजारी येथे हातभर दूर राहतात! व्हायोलिनची जलद धाव जशीच्या तशी उतरविली, तर मुलाची केवळ दमछाक होते.

तिसरा प्रश्न श्वासाचा. गज परतताना तंतुवाद्याचा सूर तुटत नाही. फुंकणाऱ्यास मात्र थांबणे भाग असते. यास्तव लांब सूर दोघांत वाटावा आणि दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यावा.

याच भागाच्या अखेरीस सुरावट मोजक्या तंतुवाद्यांकडे येते व मध्येच थबकते. आठ वादक हाताशी आहेत म्हणून त्या शांततेत सूर भरू नयेत. तेथे दोघे-तिघेच वाजवोत, बाकीच्यांनी ऐकावे.

आता आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. सुरावट प्रथम वादकाकडेच ठेवणे सोयीचे असते, परंतु ज्या कारणासाठी हा खटाटोप केला, ते कारणच त्याने नाहीसे होते. सहाव्या वादकाने येथेही थांबूनच राहावयाचे काय? सुरावट खालच्या सप्तकात आणून चार मापे तरी त्याच्या हाती द्यावी. ज्याने ती स्वतः वाजविली, तो पुढे इतरांना साथ देताना तिला सांभाळून घेतो.