भाडे परवडते, अनामत अडते

मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे परिसरात मालाला छप्पर मिळते. कुटुंबाला ते मिळेलच असे नाही. येथील गोदामांत नोकरीस आलेला परगावचा माणूस एकटा असेतो कोठेही पथारी टाकतो. बायकामुलांना आणावयाचे ठरले की ओळख, दलाली आणि कित्येक महिन्यांची अनामत यांची भिंत आड येते.

परदेशी जाणाऱ्याचीही गत निराळी नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. अनोळखी भाडेकरूविषयीचा अविश्वास तेथेही आहेच. परंतु तेथील कायद्याने त्याला मर्यादा घातली आहे : अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देता येते.

आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 'लिव्ह अँड लायसन्स'च्या अनामतीला मात्र कमाल मर्यादा घातली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ साली मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो राज्यांवर बंधनकारक नाही.

घर अडकेल ही मालकाची भीती खोटी नव्हे. परंतु मुदतीनंतर घर परत मिळविण्याची आणि अडवणुकीबद्दल दुप्पट शुल्काची तरतूद त्याच अधिनियमाच्या २४ व्या कलमात आहे. त्या दाव्यांचा निकाल त्वरित लावावा आणि अनामतीवर दोन महिन्यांची मर्यादा घालावी. मालकाला हमी हवी, हे मान्य. त्यासाठी भाडेकरूने कर्जबाजारी व्हावे, हे मान्य करता येणार नाही.