मळ पाहून क्लीनर घेऊ नका

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीच्या संध्याकाळी, वॉशिंग सेंटरच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ चढण्याआधी पावसाळ्याचं सगळं किटण निघालेलं हवं असतं. कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या चाकांवर तांबडी माती, रोज घाट उतरणाऱ्या गाडीच्या मॅगव्हीलवर ब्रेकची काळी पूड, बोनेटखाली तेल आणि धूळ मिळून झालेला चिकट थर. अशा वेळी तिथला मुलगा पाण्याची जुनी बाटली उचलतो. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत निळं किंवा गुलाबी द्रावण, बाहेर मिनरल वॉटरचंच लेबल. तीच बाटली इंजिनवर, तीच चाकांवर. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “साहेब, ऑल पर्पज आहे, सगळ्याला चालतं.”

सगळ्याला चालत नाही. क्लीनर निवडताना आपण गाडीवरची सगळ्यात मळकी जागा बघतो, बघायला हवी ती सगळ्यात नाजूक जागा. कारण मळ एखाद्या कोपऱ्यात असतो आणि फवारा आजूबाजूच्या सगळ्यावर बसतो.

ऑल पर्पज क्लीनर म्हणजे मुळात अल्कलीयुक्त साबणी द्रावण. तेलकटपणा सुटावा म्हणून सर्फॅक्टंट, ग्रीस फोडायला अल्कली, काहींत ग्लायकॉल ईथर जातीचा सॉल्व्हंट. अल्कली कुठली, यावर त्याचा स्वभाव ठरतो. कुणी धुण्याचा सोडा घालतं, कुणी सोडियम मेटासिलिकेट, आणि स्वस्तातल्या जहाल मालात सरळ कॉस्टिक सोडा असतो. ग्रीस तिन्हींनी निघतं. प्रश्न ॲल्युमिनियमचा आहे.

आजच्या गाडीत इंजिनाचं हेड, अल्टरनेटरची बॉडी, एसीचा कॉम्प्रेसर, रेडिएटर आणि मॅगव्हील, सगळं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. या धातूला वाचवतो तो त्याच्यावर आपोआप धरणारा ऑक्साइडचा अतिपातळ थर. पीएच साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान तो टिकतो. त्याच्या खाली आम्ल त्याला खातं, वर अल्कली. लोखंडाला कॉस्टिक सोसतं, उघड्या ॲल्युमिनियमला सोसत नाही. त्यावर पडलं की बारीक बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. लोकांना वाटतं, बघा कसा मळ उकळून वर येतोय! धुतल्यावर धातू राखाडी, काळपट, खडूसारखा दिसतो आणि तो रंग कुठल्याही फडक्यानं जात नाही. ॲल्युमिनियमच्या कुकरच्या तळाला नुसतं पाणी घालून भात लावला की आतून तो काळा पडतो, म्हणून घरोघरी त्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकतात. पाण्यातली किंचित अल्कली आणि उष्णता एवढ्यावर जर कुकर काळवंडतो, तर तापलेल्या इंजिनवर कॉस्टिक मारल्यावर काय होईल याचा अंदाज येतो.

पीएचचे आकडे वाचताना एक गफलत हमखास होते. ही मोजपट्टी दहाच्या पटीनं चढते. ९ आणि १२ यांत तीनाचा नाही, हजारपटीचा फरक आहे. उतरतानाही तेच. १३ पीएचच्या द्रावणात नऊ भाग पाणी घातलं तर ते १२ च्या आसपास येतं, त्याच्या फार खाली नाही. त्यामुळे ‘पाणी जास्त घालून मारतो की’ हा दिलासा कॉस्टिकच्या बाबतीत पोकळ आहे. माझं मत असं की घरच्या वापराला, पाणी घालून झाल्यावरचा पीएच ९ ते १०.५ च्या दरम्यान असलेला क्लीनर पुरेसा आहे. पीएच म्हणजे सगळं काही नव्हे, हेही खरं. सिलिकेट ॲल्युमिनियमला गंजण्यापासून थोडं वाचवतं, म्हणून सिलिकेटवाला थोड्या चढ्या पीएचचा क्लीनर कॉस्टिकवाल्यापेक्षा बरा ठरू शकतो. पण घरी बसून हे ओळखता येत नाही, आणि जे ओळखता येत नाही त्याला चार हात दूर ठेवावं.

पीएच ओळखायला मात्र दोन साधनं आहेत. पहिलं, उत्पादकाचं सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला धंद्यात एसडीएस म्हणतात. त्याचे सोळा विभाग ठरलेले असतात. दुसऱ्यात धोके, तिसऱ्यात घटक, चौथ्यात प्रथमोपचार, नवव्यात पीएच. चांगल्या कंपन्या हे पत्रक संकेतस्थळावर ठेवतात. जी कंपनी मागूनही देत नाही, तिचा कॅन दुकानातच राहू द्यावा. दुसरं साधन म्हणजे पीएच पट्टी. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते. पाणी घालून तयार केलेल्या द्रावणात बुडवायची आणि रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. लेबलवर लिंबाचं चित्र आहे म्हणून आतला माल सौम्य, असं मात्र कधी समजू नये.

आता बोनेट उघडू. इथे पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटेल: तेल दिसलं तर लगेच धुऊ नका. टॅपेट कव्हरच्या कडेनं ओला, काळा पट्टा उतरलेला असेल तर ते पॅकिंग गेल्याचं लक्षण आहे. धुऊन टाकलं की मेकॅनिकला गळती शोधायला पुन्हा महिनाभर थांबावं लागतं. आधी दाखवा, मग धुवा.

रॉकेल किंवा डिझेल मारून इंजिन धुण्याची जुनी रीत आता खरंच सोडून द्यायला हवी. कुलंटचे पाइप बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर ऊन, पाणी, सौम्य अल्कली सगळं सोसतं, पण पेट्रोलियम तेलात फुगतं आणि मऊ पडतं. डिझेल मारल्यावर इंजिन काळंभोर चकाकतं खरं, पण त्या तेलकट पृष्ठभागावर आठवड्याभरात पहिल्यापेक्षा जास्त धूळ बसते. एक्झॉस्ट गरम असेल तर आगीचा धोका वेगळाच.

रीत सोपी आहे. इंजिन हात लावता येईल इतकं गार. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकलेलं. क्लीनर इंजिनवर फवारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा आणि ब्रश जिथे मळ आहे तिथेच फिरवायचा. मिनिट-दोन मिनिटांत, वाळायच्या आत, ओल्या मायक्रोफायबरनं दोनदा पुसून घ्यायचं. प्रेशरचं पाणी इथे नकोच, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी दिसत नाही आणि त्याची तक्रार पंधरा दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा होऊन येते. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुकटी हे ऑल पर्पजचं कामच नव्हे, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि जुना टूथब्रश. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसल्या की तिथून हात मागे घ्यायचा, ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं.

चाकांचा मळ वेगळा आणि त्याचं औषधही वेगळं. लाल माती ही निव्वळ पाण्यानं भिजवून काढायची गोष्ट आहे, तिला रसायन लागत नाही, सबुरी लागते. कोरडी असताना ब्रश चालवला तर तोच सँडपेपर होतो. समुद्रकाठच्या मिठालाही भरपूर गोडं पाणीच लागतं. काळी पूड मात्र चिवट. ब्रेक लावताना बिडाच्या डिस्कमधून आणि पॅडमधून लोखंडाचे तापलेले कण उडतात आणि रिमच्या रंगात रुतून बसतात. तिथे अल्कलीचा उपयोग बेताचाच. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, थायोग्लायकोलेट जातीचा, साधारण उदासीन पीएचचा. लोखंडाला लागला की जांभळा होतो आणि ओघळ उतरू लागतात. वास ओळखीचा वाटेल, कारण ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्येही याच जातीचं रसायन असतं. चाक गार, जागा सावलीतली, एका वेळी एकच चाक, आणि वाळायच्या आत भरपूर पाणी. धुऊन झाल्यावर गाडी हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून डिस्क कोरडी करून घ्यायची.

मॅगव्हील म्हणजे एकच प्रकार, असंही नाही. रंग आणि वरून लॅकर असलेलं, पावडर कोटिंगवालं, क्रोमचं, आणि हल्ली वरच्या मॉडेलांवर येणारं डायमंड कट. शेवटचं सगळ्यात हळवं. त्याच्या दर्शनी भागावर धातू कोरून चकचकीत केलेला असतो आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर. फुटपाथला घासून लॅकरला एक बारीक चीर पडली की ओल आणि मीठ आत शिरतात. मग लॅकरच्या खालून पांढरट, गांडुळासारख्या वळणावळणाच्या रेषा सरकू लागतात. अशा चिरेवर जहाल क्लीनर गेला तर ते काम आणखी लवकर होतं, आणि उपाय एकच: रिम पुन्हा लेथवर चढवून नव्यानं लॅकर. अशा चाकाला साधा कार शॅम्पू आणि मऊ ब्रश यापलीकडे काही लावू नये.

आणि आम्ल? मॅगव्हील एका पुसण्यात चमकवून देणारे काही क्लीनर हायड्रोफ्लोरिक आम्लाचे किंवा अमोनियम बायफ्लोराइडचे असतात. चमक खरी असते, कारण धातूचा वरचा थरच निघालेला असतो. काचेवर उडालं तर काच पांढुरकी होते. घरातलं टॉयलेट क्लीनर वापरणारेही महाभाग आहेत, त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल चाकाबरोबर डिस्क आणि नटबोल्टही खातं. त्यात कुणी ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो थेट फुफ्फुसात.

मग घरी काय ठेवावं? पीएच माहीत असलेला एक सौम्य ऑल पर्पज, एक कार शॅम्पू, आणि वर्षातून दोन-तीनदा लागेल असा आयर्न रिमूव्हर. कुटुंबाच्या गाडीला एवढं पुरतं. ‘इको-फ्रेंडली’ या छापील शब्दावर जाऊ नका. असे मोघम दावे पुराव्याशिवाय करू नयेत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, तेव्हा पुरावा मागायचा हक्क तुम्हाला आहे. दुसरी उणीव अजून भरायची आहे. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, किंमत हे सगळं छापावं लागतं, पण पीएच आणि पाण्याचं प्रमाण छापायची सक्ती त्यात नाही. ती व्हायला हवी, आणि राज्यात विकला जाणारा माल असेल तर मराठीतून व्हायला हवी, कारण बाटली भरणारा मुलगा इंग्रजीतली बारीक अक्षरं वाचत बसत नाही.

नाजूक जागेचा हिशोब प्रामाणिकपणे केला तर ॲल्युमिनियम आणि लॅकरही दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर जातात. पहिला नंबर त्या मुलाच्या हातांचा आणि डोळ्यांचा. फ्लोराइडवाल्या आम्लाची खोड अशी की पातळ असेल तर लागल्या-लागल्या आग होत नाही. ते कातडीतून आत मुरतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि वेदना कित्येक तासांनी सुरू होते. तोवर त्यानं त्याच हातांनी डबा खाल्लेला असतो. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हा त्यावरचा नेमका प्रथमोपचार, आणि ती ठेवलेलं वॉशिंग सेंटर माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून गिऱ्हाइकानं दोन अटी घालाव्यात. मूळ कॅन दाखवल्याशिवाय गाडीवर काही मारायचं नाही. नसेल तर पाणी आणि शॅम्पू एवढंच. आणि धुणाऱ्याच्या हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय कुठलाही क्लीनर उघडायचा नाही. यापायी वॉशिंगचे पन्नास रुपये वाढले तर कुरकुर न करता द्यावेत.